एकोणिसावा अर्ज

धनंजय भोयरने सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बांधून टोपल्यात ठेवली आणि दुसरी करायला घेतली. बोलायला सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचत नव्हतं, आणि ओसरीवर हिरव्यागार सांबाराचा ढीग पडला होता, म्हणून हात आपोआप तिकडे गेले होते. समोर बसलेल्या गोपिकाबाईंनी त्याची जुडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत ठेवली.

"तुमाले येते हे?"

"आमच्याकडेही लावायचे. आर्वीजवळचं गाव आहे माझं."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा काही तसं सांगत नव्हता. सर कशासाठी आलेत हे त्यांना ठाऊक होतं.

जून अर्धा झाला होता. वर्ध्याहून अकराच्या बसने निघून तो हिंगणीत उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पिशवीत कॉलेजची माहितीपुस्तिका होती आणि दोन कोरे प्रवेश अर्ज. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला भूगोल घेणारे वीस विद्यार्थी मिळाले नाहीत तर यंदा वर्ग निघणार नाही, असं प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं. अठरा झाले होते. हिंगणीत दोन घरं गाठायची होती. पहिल्या घरचा मुलगा चार दिवसांपूर्वीच पुण्याला एका कंपनीत लागला होता. हे दुसरं घर.

विभागप्रमुख वानखडे सर एप्रिलमध्ये निवृत्त झाले. त्यांची जागा भरली जाणार नव्हती. त्यामुळे भूगोल विभाग म्हणजे आता एकटा धनंजय, आणि तोही तासिका तत्त्वावर. घेतलेल्या तासांपुरता मास्तर. नऊ वर्षं झाली होती. नेमणुकीचं पत्र ऑगस्टमध्ये मिळायचं आणि एप्रिलमध्ये संपायचं. म्हणजे कागदावर पाहिलं तर जून महिन्यात तो त्या कॉलेजचा कोणीच नसायचा. आणि नेमका जूनमध्येच त्या कॉलेजच्या वतीने गावोगाव फिरायचा. सुरुवातीला त्याला याचं हसू यायचं. अलीकडे हसावं की काय करावं, ते कळत नसे.

"आचल, सर आले वं!" विहिरीकडून आलेल्या गोपिकाबाईंच्या नवऱ्याने, महादेवरावांनी, हात पुसत आत मुलीला हाक मारली. "बसा सर, नीट बसा. खुर्ची आन वं."

खुर्ची घेऊन आचल बाहेर आली. जानेवारीत धनंजय आपल्या विद्यार्थ्यांना बोर धरणाकडे क्षेत्रभेटीला घेऊन आला होता, तेव्हा याच घरी सगळ्यांनी पाणी मागितलं होतं. बारावीतली ही मुलगी मग दिवसभर त्यांच्यामागे हिंडली. शेताच्या धुऱ्यावरचा एक काळा दगड फोडून त्याने तिला आतले पांढरे स्फटिक दाखवले होते. हा दगड कधीकाळी पातळ रस होता, त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत हे वाढलं, असं काहीतरी तो सांगत होता. रोजचंच सांगणं. आता खिडकीच्या फळीवर त्याला तसे सातआठ दगड मांडलेले दिसले. प्रत्येकाखाली वहीच्या कागदाचा तुकडा होता, त्यावर शेताचं नाव.

"मी भूगोलच घेतो, सर," ती म्हणाली. "बी.ए., एम.ए., मंग नेट. अन् मंग पीएच.डी. तुमच्यासारखं प्रोफेसर व्हाचं हाय मले."

त्याने बसमध्ये जुळवून आणलेलं सगळं भाषण फुकट गेलं. नवं धोरण, नकाशाशास्त्र, स्पर्धा परीक्षा, यातलं एक वाक्यही लागलं नव्हतं. त्याने पिशवीतून अर्ज काढला, पेन काढलं.

"नागपूरले नर्सिंगले नंबर लागला हाय तिचा," गोपिकाबाई सांबारावरची नजर न काढता म्हणाल्या. "गुरुवारपरेंत हो म्हणाचं हाय. तीन वर्ष झाले का पोरगी पायावर उभी. पण आयकते कोन माह्यं?"

पुढे केलेला अर्ज धनंजयने किंचित मागे घेतला.

"नर्सिंग चांगलं आहे," तो म्हणाला.

तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःही दचकलाच होता. पण आता बोलणं सुरू झालं होतं आणि थांबवता येत नव्हतं. नर्सला कुठेही काम मिळतं. नागपूर काही लांब नाही. भूगोल काय, पुढेही वाचता येतो. नेटची परीक्षा अवघड असते, आणि ती झाल्यावरही... तो अडखळला. पुन्हा नर्सिंगवर आला.

"सर," गोपिकाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "तुमी ॲडमिशन कराले आले का मोडाले?"

महादेवराव हसले. धनंजयही हसायला गेला, पण आचलचा चेहरा पाहून राहिला. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"मले जमन नाई, असं वाटते का तुमाले?"

"नाही, तसं नाही."

"मंग काऊन नाई म्हणून राह्यले?"

याचं उत्तर त्याच्यापाशी होतं, पण ते त्याने आजवर कोणाला दिलं नव्हतं. गावोगाव लोक त्याला प्राध्यापक म्हणत, चहा ठेवत, खुर्ची देत. त्यांचा गैरसमज त्याने कधी दूर केला नव्हता. त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मी पर्मनंट नाही," तो म्हणाला. "नऊ वर्षांत एकदाही नव्हतो. पीएच.डी. होऊन सहा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मला काढतात आणि वर्ग निघालाच तर ऑगस्टमध्ये परत ठेवतात. आत्ता मी तुमच्यासमोर बसलो आहे तो कोणाच्या वतीने, तेही मला नीट सांगता येणार नाही. तुमच्यासारखं व्हायचं, असं ही म्हणाली म्हणून..."

दारातली शेळी उगाच एकदा ओरडली.

"ठाऊक हाय आमाले," महादेवराव शांतपणे म्हणाले.

"काय?"

"हेच. आमच्या मोठ्या भावाची पोरगी खुशी होती ना तुमच्या वर्गात. तिनं सांगतलं. भोयर सरले उन्हाळ्यात काढते म्हणे."

खुशी त्याला आठवली. पहिल्या बाकावर बसून नकाशे काढणारी. वर्गात हे कोणाला माहीत नाही, असं तो नऊ वर्षं धरून चालला होता.

"त्या पोरी जुलैमधी हापिसात जाऊन इचारत," आचल म्हणाली. "सर येनार हाय का म्हणून. हो म्हटलं का मंगच भूगोल भरत. खुशीताई तं दोन खेपा गेलती."

दर ऑगस्टला पत्र हातात पडलं की धनंजयला वाटायचं, वानखडे सरांनी शब्द टाकला असेल, नाहीतर प्राचार्यांना कीव आली असेल. वानखडे सरांच्या घरी तो दरवर्षी पेढे घेऊन जायचा. सर काही न बोलता ते घ्यायचे.

"म्हणून मी बी इचारतो," आचल म्हणाली. "तुमी राहान ना, सर? तीन वर्ष?"

हो म्हणणं सोपं होतं. तिचं नाव आलं तर विसात एकच कमी राहत होता, वर्ग निघण्याची शक्यता वाढत होती, वर्ग निघाला तर तो राहणार होता. म्हणजे तिने हो म्हटलं तर त्याला हो म्हणता येणार होतं, आणि ती तर त्याच्या 'हो'साठी थांबली होती. त्याने हे मनात दोनदा फिरवून पाहिलं. ते पुन्हा तिथेच येत होतं.

"ठाऊक नाई, बेटा," तो म्हणाला. "मले खरंच ठाऊक नाई."

आल्यापासून तो पुस्तकी मराठी बोलत होता. आता ती सुटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. गोपिकाबाईंच्या मात्र आलं असावं. त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"इचार करू द्या आमाले," त्या म्हणाल्या. "कागद ठेवून जा."

निघताना त्यांनी सांबाराच्या दोन जुड्या त्याच्या पिशवीत घातल्या. तो नको म्हणत राहिला.

वर्ध्याला लागूनच्या बोरगाव मेघेतल्या घरी त्याच्या बायकोने, काजलने, सांबार पाण्यात ठेवला आणि विचारलं, "झाली का ॲडमिशन?"

"समजलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मी मोडायला गेलो, आणि... मोडली का तेही समजलं नाही."

काजल जेवायला वाढू लागली.

शुक्रवारी दुपारी तो कॉलेजात गेला. ऑफिसात प्रवेशाचं काम पाहणारे प्रेमदास त्याचीच वाट पाहत होते.

"या भोयर सर, या. हिंगणीची कोनती बाई पाठवली तुमी? सकाळपासून डोकं दुखून राह्यलं माह्यं."

"गोपिकाबाई? कशाला आल्या होत्या?"

"पोरीले घेऊन आली. फारम भरला, फोटो लावला, समदं बरोबर. मंग मले इचारते, भोयर सर राहतीन का. मी म्हटलं, बाई, ते ऑगस्टात कळन. त म्हणते, नागपूरची जागा सोडून आलो आमी, अन् तुमी ऑगस्टाचं सांगता? असी भांडली, असी भांडली. शेवटी पोरीले म्हणे, लिही वं याच्या मागं. अन् सही ठोकून गेली."

प्रेमदासांनी अर्ज त्याच्यापुढे सरकवला. भूगोल हा विषय आचलने दोनदा गिरवला होता. धनंजयने कागद उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला तिच्याच अक्षरात एक ओळ होती : भोयर सर शिकवायला असतील तरच हा प्रवेश समजावा. खाली गोपिकाबाईंची सही. एकेक अक्षर सुटं काढलेलं.

त्याने कागद सुलटा केला, पुन्हा उलटला. नागपूरची जागा सोडली, हे शब्द कुठेतरी आत जाऊन बसले होते आणि आनंद की भीती ते सांगत नव्हते.

"आता असं कुठं चालते का, सर?" प्रेमदास म्हणाले. "अट घालून ॲडमिशन? साहेबांनी दोन वाजेपरेंत आकडा मांगतला हाय. मी याले एकोणीस धरू का अठरा?"

धनंजयने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते.

प्रेमदासांनी पेन खिशाला लावलं, टेबलाच्या खणात हात घालून पेन्सिलचा एक तुकडा शोधून काढला, आणि यादीच्या एकोणिसाव्या ओळीत आचलचं नाव लिहिलं.