आठ मिलिमीटर

ओडिलॉन वेरहेल्स्टला सायकलीतलं काही शिकवू शकेल असा माणूस बेल्जियमच्या अख्ख्या फ्लँडर्स प्रांतात अजून जन्मला नव्हता. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. पंधरा वर्षांत तो एकच शर्यत जिंकला होता, तीही पुढचे दोघे पडले म्हणून. पण तोरा असा की विचारू नका.

त्याची मुलगी फेबे मात्र खरंच चांगली होती. रविवारच्या शर्यतीत पहिल्या दहांत आली तर एक मोठा संघ तिला घेणार होता. नाहीतर पुन्हा खाटकाच्या दुकानात काउंटरवर. आणि नेमकी तिच्या डाव्या टाचेमागची शीर सुजली. फिजिओने बुटाच्या तळव्याची क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी, आठ मिलिमीटर मागे घेतली. जोर चवड्यावरून तळपायाच्या मध्याकडे आला, घोट्याची हालचाल कमी झाली, शिरेवरचा ताण उतरला.

"बदकासारखी पाय मारतेस! ताकद चवड्यात असते, पोरी."

"पप्पा, दीड महिन्यानं आज दुखत नाहीये. हात लावू नका."

सरावात शेवटच्या झेपेला ती जरा मागे पडली, आणि ओडिलॉनला राहवेना. रविवारी सकाळी ती नंबर टाचून घेत होती, तेवढ्यात त्याने तिच्या बुटाची क्लीट पुन्हा पुढे सरकवून घट्ट आवळली. जिंकली की सांगू, तीच गळ्यात पडेल, असं त्या शहाण्याला वाटलं.

सुरुवातीच्या रेषेवर ती म्हणाली, "पाय आज वेगळाच लागतोय."

"धाकधूक आहे. दुसरं काय?"

दगडी चढावर ती सातवी होती. ओडिलॉन कडेला ओरडत उभा होता. त्याच्यासमोरच ती सीटवरून उठली, चवड्यांवर सगळा भार टाकला आणि किंचाळून आडवी झाली.

"शीर पूर्ण तुटलीय," डॉक्टरीणबाई रुग्णवाहिकेत म्हणाल्या. "शर्यतींचं विसरा. धड चालली तरी पुष्कळ."

फेबे ओडिलॉनकडे वळली. "क्लीट सरकली असणार, पप्पा. मला जाणवलं होतं. मीच स्क्रू नीट आवळले नसतील ना?"

तिला नाही म्हणणारं कुणीतरी हवं होतं.

"होतं असं घाईत," ओडिलॉन म्हणाला आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला.