अध्यक्षांच्या पोत्यात परखी

मित्रांनो, मी परखी आहे. वयानं जुनी, टोकानं अजून तिखट. ज्यांनी मला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मी हातभर लांबीची लोखंडी नळी. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला मूठ आणि पोटाला उघडी खाच. धान्याच्या पोत्यात मला खुपसायचं, बाहेर ओढायचं, की पोत्याच्या पोटातला मूठभर दाणा तुमच्या तळहातावर येतो. तोंडाशी तर सगळ्यांचाच माल चांगला असतो. आत काय आहे ते सांगायला मी लागते, आणि सांगताना मी कोणाची भीड ठेवत नाही. स्वभावच तसा आहे माझा, काय करणार!

जानेफळच्या रहेमतुल्लाचाचांनी मला घडवलं. भट्टीतून काढल्यावर तीन दिवस ते माझ्या खाचेच्या कडा कानशीनं घासत बसले होते. गिऱ्हाईक घाई करत होतं. चाचा मान वर न करता म्हणाले, "दाना फुटला तं ते परखी नाई, सुरी झाली. थांबा जरा." ते गिऱ्हाईक म्हणजे जानराव. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात तो धान्य पारखायच्या कामावर होता. पुढची बावीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. तो मला पोत्यात असा अलगद सारायचा की तागाला फक्त बारीकसं भोक पडायचं, आणि तेही तो नखानं घासून बुजवायचा. मग एक दाणा दाताखाली धरायचा. कटकन तुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. लोक म्हणायचे, जानरावच्या दाताला फसवता येत नाही. मला कोणी काही म्हणायचं नाही, पण दाणा त्याच्या दातापर्यंत नेत होतं कोण?

मग दिवस पालटले. व्यापाऱ्यानं धंदा आवरला आणि सहा वर्षांपूर्वी तीनशे चाळीस शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली. गोदाम तेच, जानराव तोच, मीही तीच. बाकी सगळं नवं आलं. विजेचा काटा आला, कॉम्प्युटर आला, भिंतीवर काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र लागलं. ओलावा मोजायचं यंत्र आलं. ते यंत्र हुशार आहे, मी नाही म्हणणार नाही. पण झालं काय, लोक पोत्याच्या तोंडातली मूठभर तूर उचलायचे, यंत्रात टाकायचे आणि आकडा आला की पोतं पास. मला दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. कोणाच्या मालाचा वहीम आला तरच मला खाली काढायचे. त्यामुळे गावात एक समज पक्का झाला, की परखी काढली म्हणजे संशय घेतला. एकदा एका माणसाच्या पोत्यात मला घातलं, तर तो महिनाभर जानरावशी बोलला नाही. मी खिळ्यावर गंजत गेले. फार वाईट वाटायचं मला, खोटं कशाला सांगू?

गेल्या मार्चमध्ये डाळमिलला गेलेली आमची गाडी परत आली. दोनशे पोत्यांपैकी चौदा पोत्यांत मधोमध तूर कुबट झाली होती. मिलनं कळवलं, की दहा दिवसांत दुसरी गाडी पाठवा, तिच्यात एकही पोतं असं निघालं तर वर्षाचा करार रद्द. करार गेला असता तर तीनशे चाळीस घरांची तूर पुन्हा दारोदार फिरली असती. आणि जानरावची नोकरी तर त्याच दिवशी जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात बैठक बसली. संचालक शालिग्राम सुरुवातीलाच म्हणाले, "तपासनारा कोन होता? जानराव. मंग विषय संपला. त्याले घरी पाठवा, नवा मानूस ठेवा."

जानराव खाली पाहत उभा होता. पोती कोणाची होती ते त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तो बोलत नव्हता आणि मला बोलता येत नव्हतं.

तेव्हा सुचिता उठली. ती साखरखेर्ड्याची, शेतकी शिकलेली, आमची गुणवत्ता अधिकारी. येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

"शालिग्रामभाऊ, पोत्यावर नंबर असते. कोनाचे पोते ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "मले नाव नाई पायजे. मले काऊन पायजे. जानरावकाका, ओल सापडली नाई, काऊन?"

"वरची मूठ मशिनीत टाकली, बाई. वरचा माल कोरडा होता."

"वरचीच काऊन?"

"परखी नाई लावली."

"काऊन?"

"मोठ्या मानसाचा माल होता. परखी लावली असती तं त्याहिले वाटलं असतं, जानराव मले चोर समजते."

"परखी लावली म्हंजे चोर समजलं, असं काऊन काका?"

जानरावनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "कारन संशय आल्यावरच आपन ते खाली काढतो."

मित्रांनो, सहा वर्षं खिळ्यावर लटकून मी हेच मनात म्हणत होते!

कंपनीचे अध्यक्ष भगवानराव समोर खुर्चीत बसले होते. गावात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. ते सावकाश उठले. "ते चौदा पोते माहे हायेत. घरी पान्याच्या टाकीच्या भिंतीले लावून ठेवले होते म्या. ओल लागंन असं वाटलं नाई." मग शालिग्रामांकडे वळून म्हणाले, "घरी कोनाले पाठवाचं असंन तं मले पाठवा. तुमी मले मान देत राह्यले अन् त्याच्यात कंपनी बुडून राह्यली होती." भगवानरावांनी मला खिळ्यावरून काढलं, स्वतःच्या दुपट्ट्यानं माझा गंज पुसला आणि मला जानरावच्या हातात दिलं. "उद्यापासून पह्यलं पोतं माहं. सगळ्याइच्या समोर."

पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक पोत्यात तीनदा, खाली, मधात आणि वर. माझं अंग तापायचं, जानरावचं मनगट सुजलं, रांग रस्त्यापर्यंत गेली. लोक कुरकुरले. रांगेतल्या गीताबाई तर पदर खोचूनच उभ्या राहिल्या. "माह्या पोत्यात काऊन खुपसतं रे जानराव? मी काय माती भरून आनली?"

"अध्यक्षाच्या बी पोत्यात खुपसली, वहिनी."

"त्याहिच्या बी?" गीताबाईंनी खोचलेला पदर सोडला. "मंग खुपस. दोनदा खुपस."

सुचितानं दाराशी एक फळा लावला. त्या दिवशी काय बिघडलं आणि काऊन बिघडलं, एवढंच त्यावर लिहायचं. कोणाचं नाव लिहायचं नाही. फळ्यामुळेच कळलं की खालच्या थरातली पोती फरशीची ओल पितात. मग थप्पीखाली लाकडी फळ्या आल्या. चौथ्या दिवशी मोठा घोळ झाला. यंत्र म्हणे तूर कोरडी, जानरावचा दात म्हणे ओली. दुपारी उलगडा झाला, यंत्र तुरीऐवजी हरभऱ्यावर लावलेलं राहिलं होतं. ते लावलं होतं सुचितानंच. सकाळपासूनची पोती पुन्हा तपासायची म्हणजे दिवस पाण्यात. तिचा चेहरा उतरला, पण तिनं खडू उचलला आणि स्वतःच्या हातानं ते फळ्यावर लिहिलं. नाव लिहायचं नाही हा नियम तिनं तेवढ्यापुरता मोडला. त्यानंतर फळ्यावर लिहायला कोणी लाजलं नाही.

दहाव्या दिवशी गाडी दाराशी लागली. एकशे सत्त्याण्णव पोती चढली. उरलेली तीन जानरावच्या स्वतःच्या शेतातली होती. सुचिता फोनवर बोलत होती, हमाल गाडीवर होते, जानरावकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. त्यानं मला पहिल्या पोत्यात सारलं. मधल्या थरातला दाणा त्याच्या दाताखाली चेपला. दुसऱ्या पोत्यातही तेच, तिसऱ्यातही. माझी मूठ त्याच्या घामानं ओली झाली. मी मनात म्हणत होते, बोल जानराव, बोल.

"बाई, हे तीन बाजूले काढा," तो मोठ्यानं म्हणाला. "माहे हायेत."

शालिग्राम वैतागले. "गाडी भरत नाई मंग! तीन पोत्यानं काय होते बे?"

"चौदानं काय झालं ते पाह्यलं ना, भाऊ."

गाडी तीन पोती कमी घेऊन गेली. ती कमी का, हे सुचितानं चिठ्ठीत सरळ लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोदामात कोणाला जेवण गेलं नाही. मग फोन आला. मिलनं एकूण एक पोतं तपासलं होतं आणि सगळा माल घेतला होता. करार राहिला. शालिग्राम स्वतः चहा घेऊन आले, कप जानरावसमोर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.

जानरावनं ती तीन पोती घरी नेऊन उन्हात घातली. चार दिवसांनी परत आणली आणि रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं मला सुचिताच्या हाती दिलं.

"तू लाव, बाई. माह्या पोत्याले म्याच परखी लावनं बरं नाई. त्या दिवशी ओले पोते गाडीत चढवता चढवता माहा हात थांबला. उद्या दुसऱ्या कोनाचा नाई थांबला तं?"

सुचिताला तसा हात नव्हता. तागाला मोठं भोक पडलं, पण दाणे आले आणि दाताखाली कटकन तुटले. संध्याकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात नवा नियम लिहिला गेला, आपलं पोतं आपण तपासायचं नाही. अक्षर जानरावचं होतं. ज्याला काढून टाकायला निघाले होते, त्यानं कंपनीला हा नियम दिला.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वापरून झाल्यावर मला कोरड्या फडक्यानं पुसा. वर्षातून एकदा लोहाराकडे नेऊन माझ्या कडा घासून आणा, म्हणजे दाणा फुटणार नाही. आणि मला लहानाच्या, मोठ्याच्या, तुमच्या स्वतःच्याही पोत्यात घाला. फक्त संशय आला म्हणून मला हातात घेऊ नका. रोज घ्या.