एक केबीचे पाय

दुकानातल्या तयार बुटांत जे पाय मावत नाहीत, त्यांच्यासाठी माझे बाबा बूट करतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं कापलेली. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. असा बूट करायला आधी फर्मा लागतो, म्हणजे त्या पायाच्याच आकाराचा ठोकळा. त्यावर चामडं ताणून बसवतात. पूर्वी बाबा फर्मे लाकडात कोरायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला आणि कानशीने अर्धा मिलिमीटर घासणं जमेना.

तेव्हा आम्ही पाय मोजणारा स्कॅनर आणि ठोकळा कोरणारं मशीन घेतलं. बाबा स्क्रीनवरचा पाय फिरवून बघायचे, बाणाची कळ दाबायचे आणि हवा तिथे फुगवटा वाढवायचे. कळ दाबायला हात स्थिर लागत नाही. जुने लाकडी फर्मे एकेक करून स्कॅन झाले आणि आम्ही लहान जागेत आलो तेव्हा जळणात गेले. मशीनवर कोरलेला ठोकळा मऊ फोमचा असतो. बुटातून काढतानाच त्याचे तुकडे होतात. म्हणजे पाय उरायचा तो फक्त कॉम्प्युटरमध्ये. अकराशे सेहेचाळीस पाय होते. माणसं पाचशे त्र्याहत्तर.

पण फाइल म्हणजे नुसता मोजलेला पाय नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. मोजलेला पाय स्कॅनर पाच मिनिटांत देतो. त्यावर बाबांनी वर्षानुवर्षं केलेल्या दुरुस्त्या, ती खरी फाइल. बूट वापरून माणूस परत आला की बाबा आतला तळ बोटांनी चाचपायचे, कुठे घासलंय ते बघायचे आणि फाइलमध्ये थोडं वर, थोडं खाली करायचे. ग्रंथपालबाईंच्या डाव्या पायाला साखरेच्या आजाराने संवेदनाच उरलेली नाही. खडा टोचला तरी त्यांना कळत नाही. त्या पायाचा अंगठा आधीच गेलाय. त्यांच्या फर्म्यात अकरा वर्षांच्या दुरुस्त्या होत्या. पहिली पाच वर्षं लाकडातली, पुढची सहा फाइलमधली. "यांचा पाय बोलत नाही," बाबा म्हणायचे, "म्हणून मला बुटाला विचारावं लागतं."

शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले तेव्हा दुकानातला कॉम्प्युटर चालू व्हायला अकरा मिनिटं घेत होता. मी घड्याळ लावून मोजलं होतं. त्याच्या जुन्या प्रणालीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नव्हत्या, आणि कोरणाऱ्या मशीनचं नवं सॉफ्टवेअर त्यावर बसत नव्हतं.

"बाबा, हा बदलायला हवा."

"चालतोय की. सकाळी कळ दाबतो आणि दाढी करून येतो, तोवर उठतो तो."

"म्हणूनच म्हणतेय."

"मलाही उठायला वेळ लागतो हल्ली. मलाही बदलणार?"

आई वरचं चामडं शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तीस वर्षं चौकशी करतेय. बदली माल मिळत नाही."

मी नेहमीच्या पद्धतीने यादी केली. नवा कॉम्प्युटर आणायच्या आधी सगळ्या फाइलींच्या तीन प्रती हव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी. कॉम्प्युटर ही पहिली, बाहेरची डिस्क ही दुसरी. तिसरी नवं मशीन लागलं की करू, असं मी लिहिलं. कारण दुसरी भक्कम होती. चार वर्षांपूर्वी शिकायला बाहेर जाताना मीच बाबांना ती डिस्क आणून दिली होती आणि दर शनिवारी प्रत काढायला शिकवलं होतं. फोल्डरांच्या जंगलात ते हरवू नयेत म्हणून 'पाय' या फोल्डरचं चिन्ह स्क्रीनवर दर्शनी ठेवलं होतं. ते धरायचं आणि डिस्कवर नेऊन सोडायचं. बाबांनी एकही शनिवार चुकवला नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार वर्षांच्या बरोबरच्या खुणा होत्या.

"वेळ किती लागतो प्रत व्हायला?" मी विचारलं.

"वेळ कसला. सोडलं की झालं."

इथे मी थांबायला हवं होतं. अकराशे सेहेचाळीस त्रिमिती फाइली अशा क्षणात जात नाहीत. पण दर वेळी फक्त बदललेल्या तेवढ्याच जात असतील, असं मी स्वतःला सांगितलं. तरी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मला चार वर्षं शिकवलं होतं, आणि मी तपासलं. डिस्क जोडली, तिच्यावरचं 'पाय' उघडलं. फाइली मोजल्या, अकराशे सेहेचाळीस. मधूनच तीन उघडून बघितल्या. तिन्ही पाय नीट फिरले. मी यादीवर खूण केली.

जुना कॉम्प्युटर जवळच्या शाळेला द्यायचा ठरला होता. त्यात लोकांचे आजार होते, पत्ते होते. नुसतं पुसलं तर कुणीही परत काढू शकतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याची सगळी जागा निरर्थक आकड्यांनी भरली, एकदा नाही, तीनदा. साडेपाच तास लागले. मी शेजारी बसून वाचत होते, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

सोमवारी सकाळी नवा कॉम्प्युटर लावला. कोरणारं मशीन त्याला जोडलं आणि चाचणी म्हणून माझाच पाय स्कॅन करून एक ठोकळा कोरला. उत्तम आला. मग डिस्क जोडली, 'पाय' वर दोनदा टिचकी मारली. ज्या जागेचा निर्देश आहे ती जागा सापडत नाही, असा संदेश आला.

मी पुन्हा टिचकी मारली. मग त्या फाइलीचं आकारमान बघितलं. एक केबी.

माझी चूक मला तिथे बसल्या बसल्या पूर्ण समजली. मी स्क्रीनवर ठेवलं होतं ते फोल्डर नव्हतं, फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट होता. चार वर्षं दर शनिवारी बाबा तेच डिस्कवर नेऊन ठेवत होते. आणि मी तपासलं ते त्याच जुन्या कॉम्प्युटरवर. डिस्कवरचं चिन्ह उघडलं की ते मला मुकाट्याने कॉम्प्युटरमधल्या मूळ फोल्डरमध्ये नेत होतं. मूळ वस्तू मी मूळ वस्तूशीच ताडून पाहिली होती. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना यासाठी शून्य गुण देतात.

शाळेत गेले आणि कॉम्प्युटर परत मागून आणला. हरवलेला डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे नेला. त्याने तो एक दिवस ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "पुसला कुणी?"

"मी."

"किती वेळा?"

"तीनदा."

"चांगलं केलंत," तो सवयीने म्हणाला. "एवढी काळजी कुणी घेत नाही."

कोरणाऱ्या मशीनच्या स्मृतीत शेवटची एक फाइल राहते. मी धावत येऊन ती बघितली. माझा उजवा पाय होता. निरोगी, साडेतेवीस सेंटीमीटर.

बाबांना सांगताना मी मान खाली घातली होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मग मी दर शनिवारी ठेवत काय होतो?"

"पत्ता, बाबा. घराचा नुसता पत्ता."

"आणि घर?"

आईने शिवणयंत्र थांबवलं. बाबांनी थरथरणारा हात डाव्या हाताखाली दाबला, माणसं आली की दाबतात तसा. आमच्यासमोर ते कधी दाबत नाहीत.

"पुन्हा मोजू," ते शेवटी म्हणाले. "मशीन आहे, मी आहे. पाय तर कुठे गेले नाहीत ना लोकांचे."

गुरुवारी ग्रंथपालबाई आल्या. वर्षाचा जोड बदलायची त्यांची वेळ झाली होती. बाबांनी त्यांना सगळं खरं सांगितलं, माझं नाव मात्र घेतलं नाही. "मशीन बदलताना गेलं," एवढंच म्हणाले.

"जाऊ द्या हो मिस्त्री. आमच्याकडे गेल्या वर्षी वाळवीने एक कपाट खाल्लं. त्यात वाळवीवरचीच पुस्तकं होती." त्या हसल्या आणि बूट काढून पाय पुढे केला. "अकरा वर्षं तुम्ही बघताय. तुमच्या हातांना पाठ असेल."

मी पाय स्कॅन केला. त्यांचा जुना बूट आतून स्कॅन केला. वर्षभरात चामडं किती ताणलं असेल याचा अंदाज बांधून तेवढं वजा केलं. बाबा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले. बाणाच्या कळेवर बोट ठेवून ते बराच वेळ तसेच राहिले. मग एकदा दाबलं. परत घेतलं. पुन्हा दाबलं.

"इथे उंच होतं काहीतरी," ते म्हणाले. "किती होतं ते... मी एकदम कधी केलंच नाही ना. दर वेळी चिमूटभर. बेरीज कुठे लक्षात राहते?" बाई तोंडाशी पदर धरून ऐकत होत्या. बाबा त्यांना म्हणाले, "तुम्हाला कुठे रुततं ते सांगाल का?"

"मला कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" त्या म्हणाल्या, आणि हे त्या चिडून म्हणाल्या नव्हत्या.

बाबांनी नको म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं. मीच म्हटलं, करून बघू, आठ दिवसांनी तपासू, रोज संध्याकाळी आरशात तळवा बघत जा. बूट झाला. आठव्या दिवशी पाय ठीक होता. पंधराव्या दिवशीही ठीक होता. एकविसाव्या दिवशी त्या आल्या नाहीत. बाविसाव्या दिवशी त्यांची बहीण एकटीच आली, हातात पिशवी, पिशवीत ते बूट.

"ताईला दाखल केलंय. मोजा काढताना रक्त दिसलं. तिला काही कळलंच नाही. डॉक्टर म्हणतात, जखम हाडापर्यंत गेलीय. दोन बोटं तरी काढावी लागतील, पुढचं बघू म्हणतात." तिने बूट टेबलावर ठेवले. "ती तुमच्यावर रागावली नाहीये. हे मुद्दाम सांग म्हणाली."

बाबांनी डावा बूट उचलला आणि आत बोटं घातली. बरीच चाचपणी करून एका जागी थांबले. "इथे," ते मला म्हणाले. "दीड मिलिमीटर. बघ." मी हात घातला. मला काहीच जाणवलं नाही.

बहीण गेल्यावर बाबा म्हणाले, "सगळ्यांना फोन लाव. सांग, नवा जोड करायला येऊ नका. आणि आहेत ते बूट जपून वापरा, फाटले तरी शिवून देऊ."

"बाबा, नंबर..."

"काय?"

"नंबरही त्याच फाइलींमध्ये होते. प्रत्येकाचा त्याच्या पायाबरोबर."

आई म्हणाली, "मग दुकान बंद करून टाकू."

"बंद केलं तर लोक दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतील," बाबा म्हणाले. "ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्याकडून. निदान इथे आले तर नको म्हणून सांगता येईल."

म्हणून आम्ही दुकान उघडं ठेवलंय. सकाळी नऊला मी दार उघडते. पाचशे त्र्याहत्तर माणसं आहेत, त्यांचा वर्षाचा जोड जसा झिजेल तशी ती एकेक करून येतील. आत्तापर्यंत चौदा आली. मला वाटायचं नाकारणं हे लवकर उरकणारं काम असेल, पण एकेकाला अर्धा तास लागतो. आज पंधरावा आला, रंगारी, एक पाय चार सेंटीमीटर आखूड. बाबांनी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, स्टुलावर बसला, बूट काढला आणि पाय बाबांच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही बघा तर आधी, मिस्त्री," तो म्हणाला.

बाबांचे दोन्ही हात मांडीच्या कडेला होते. त्यांनी ते पाठीमागे नेले.