सव्वा मूठ गहू

लहानपणी मी एक लबाडी केली होती. तीही देवीच्या नैवेद्यात, म्हणजे साधीसुधी नव्हे. आता माझ्या पोरी मला म्हणतात, "मम्मी, तू लहानपणी किती सरळ असशील ना!" मी आपली हो म्हणते. हो म्हणायला काय जातं?

सुरतेत, उधन्याला राहायचो आम्ही. खोल्या दोन आणि माणसं सात. माझे वडील, अप्पा, आणि त्यांचा धाकटा भाऊ भिकनकाका दोघेही लूमवर कामाला. आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. मी, माझा चार वर्षांचा भाऊ संदीप, मोठी काकू आणि तिचा मुलगा लोटूदादा. मोठे काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून घरात काकूचाच शब्द चालायचा. अप्पांसारखा लूमच्या खडखडाटावर ओरडून बोलणारा माणूससुद्धा काकूसमोर हळू बोलायचा.

काकू अस्सल खानदेशी. तिची अहिराणी जशीच्या तशी लिहिली तर निम्म्यांना कळणार नाही, म्हणून साध्या मराठीत सांगते. पण तिचा ठसका काही मला लिहून दाखवता येणार नाही बाई.

आमच्याकडे वर्षाचा मोठा सण म्हणजे कानबाई. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी तिला बसवायची. कानबाई म्हणजे एक नारळ. त्याला डोळे, नथ, कुंकू, अंगावर कोरं वस्त्र. आमच्या घराण्याचा तो जुना नारळ काकूने गावाहून पॅसेंजर गाडीत मांडीवर घेऊन सुरतेला आणला होता. कुणी सामानाच्या फळीवर ठेवा म्हटलं, तर तिने म्हणे त्याला असं पाहिलं की तो माणूस नंदुरबारला उतरेपर्यंत बोलला नाही.

आणि कानबाईचे रोट! शनिवारी संध्याकाळी काकू सुपात गहू घेऊन बसायची. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायची आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू कोऱ्या फडक्यात टाकायची. रविवारी सकाळी ते गहू दळून आणायचे आणि एका नावाचा एक जाडजूड रोट करायचा. हे रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, कण वाया घालवायचा नाही. नावं चार, रोट चार. एक जास्त नाही, एक कमी नाही.

तर ते वर्ष होतं शहाण्णव. मी नऊ वर्षांची. उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला होता. एकवीस दिवस अंथरुणात, आणि उठले तेव्हा डोक्यावर केस नाहीत. गळायला लागले म्हणून आईने उतरवूनच टाकले. गल्लीतली पोरं मला टकली म्हणायची. मी एकाच्या पाठीत दगड घातला, तेव्हापासून लांबून म्हणायची.

त्या शनिवारी मी काकूजवळ बसून बघत होते.

"रामदास." म्हणजे अप्पा. सव्वा मूठ. "भिकन." सव्वा मूठ. "लोटू." सव्वा मूठ. "संदीप." सव्वा मूठ.

"काकू गं, हे मोजायचं कशाला?"

"तिला कळायला नको, घरात कोण कोण आहे ते? ज्याच्या नावाची मूठ पडली, त्याला ती वर्षभर सांभाळते."

मी संदीपकडे पाहिलं. ढोल्या नुसता. वर्षभरात साधं शिंकला नव्हता मेला. आणि मी? मग माझ्या टकल्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला ताप का आला? अहो, येणारच! कानबाईला मी आहे हे ठाऊकच नव्हतं. आणि आता परत वर्षभर तेच. ह्या वेळी आला तर मी काही उठत नाही, असं मला अगदी खात्रीने वाटलं. रडूही येईना.

सकाळी लवकर उठून मी आधी गव्हाच्या डब्यात हात घातला. काकूची मूठ मोठी, माझी लहान. म्हणून मी दोन मुठी घेतल्या, वर चिमूटभर, आणि फ्रॉकच्या खिशात टाकल्या. दळण आणायचं काम माझंच होतं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, पुरचुंडी खाली ठेवायची नाही, अशी काकूची ताकीद. मी ती अक्षरशः पाळली. खाली न ठेवताच, दातांनी गाठ सोडून खिशातले गहू आत टाकले आणि मनात म्हटलं, "दिपाली."

गिरणीवाले मगनभाई गुजराती, पण कानबाईच्या रविवारी आमच्या खानदेशी लोकांसाठी सकाळी घंटी, म्हणजे पिठाची गिरणी, धुऊन पुसून ठेवायचे. मला पाहून म्हणाले, "आव बेटा, पहेलो वारो तमारो." पहिला नंबर आमचाच. मी मान हलवली. बोलायचं नव्हतं ना!

घरी आले तर चौरंग मांडलेला, नारळाला नथ घालून झालेली, पुरण शिजत होतं, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी फोडणीला पडली होती. काकूने पीठ मळलं आणि गोळे करायला घेतले. एक, दोन, तीन, चार. आणि परातीत अजून एक गोळा उरला.

काकूने तो उचलला, तळहातावर तोलला, परत खाली ठेवला.

"कोना शे हाऊ?" हा कोणाचा म्हणून तिने विचारलं. आवाज अगदी खालचा. माझी पाचावर धारण बसली.

काकूने हळूच आईकडे वळून पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. "अनुसये, दिवस गेलेत का तुला? मला न सांगता त्याची मूठ टाकलीस का?"

"अहो जिजी, काहीतरीच काय!" आई लाजेने लालबुंद झाली. अप्पा दारात दाढी करत होते, त्यांनी गालच कापून घेतला.

"मग हा आला कुठून? बिननावाचा रोट तिच्यापुढे ठेवायचा नाही. खाता येत नाही, टाकता येत नाही. सगळंच पीठ बाटलं." काकूने हात धुतले. "गेली असेल आता मगनच्या घंटीत दुसऱ्यांची ज्वारी-बाजरी. परत दळण व्हायचं नाही. ह्या वर्षी बसत नाही ती आपल्याकडे. चौरंग उचला."

मला फक्त माझं नाव तिच्या कानावर घालायचं होतं, आणि माझ्यामुळे आता कुणाचंच नाव जाणार नव्हतं. संदीपचंसुद्धा. ढोल्या असला तरी माझा भाऊ होता तो.

तेवढ्यात आई म्हणाली, "माझंच चुकलं, जिजी. गहू निवडताना माझ्या हातून जास्त पडले असतील."

गहू निवडले काकूने, मोजले काकूने, बांधले काकूने. आईचा हातही लागला नव्हता. पण आईने सकाळी गव्हाचा डबा उघडा पाहिला होता आणि माझ्या खिशाला चिकटलेला कोंडाही पाहिला होता. हे तिने मला माझ्या लग्नानंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की काकू आईला बोलतेय, देवीच्या सणाला, सगळ्यांसमोर. "एवढी वर्षं झाली ह्या घरात, तुला चार नावं मोजता येत नाहीत?" आई मान खाली घालून ऐकत होती.

मला नाही बघवलं.

"तो माझा आहे!" मी ओरडलेच. "मी टाकले गहू. दोन मुठी आणि चिमूटभर. माझी मूठ लहान आहे म्हणून. आणि नाव पण घेतलं. बिननावाचा नाहीये तो!"

भिकनकाका फस्सकन हसला आणि काकूने पाहताच गप्प झाला.

"पोरींची मूठ नसते," काकू म्हणाली. "पोरी परक्या घरच्या."

"मग त्या घरी तरी असते का? आईची इथे कुठे पडली?" मला आता रडू आवरेना. "संदीपला काही होत नाही, आणि मला एकवीस दिवस ताप. कानबाईला माहीतच नाही मी आहे ते! परत आला तर मी मरेन."

कुकरची शिट्टी झाली तरी कुणी हललं नाही.

काकू माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बसते चपराक. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस जेमतेम बोटभर आले होते.

"तू तापात होतीस तेव्हा मी ह्या कानबाईलाच सांगत होते गं," ती म्हणाली. "पट्ट्या बदलायची आणि सांगायची. दिपालीला सोड म्हणून. नाव घेऊनच सांगत होते." मग पदराने माझं नाक पुसलं. "पण मूठ टाकली नव्हती. ते खरं आहे."

ती परत परातीशी बसली, पाचवा गोळा उचलला आणि थापायला लागली.

अप्पा गालावर तुरटी धरून म्हणाले, "वहिनी, गावचे भाऊबंद विचारतील."

"विचारू दे. नारळ माझ्या मांडीवर आला आहे. ज्याला विचारायचं त्याने माझ्याकडे यावं." आणि आईकडे न बघता म्हणाली, "अनुसये, पुरण बघ, खाली लागतंय. आणि मघाशी जास्त बोलले मी."

त्या दुपारी माझा रोट मी गूळ-तुपात कुस्करून शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. संदीपने मागितला तर दिला नाही. आयुष्यात खूप चांगलंचुंगलं खाल्लं, पण तसं पोट परत कधी भरलं नाही. त्या एका रोटासाठी मी काकूची जन्मभराची ऋणी आहे, आणि मगनभाईंची, आणि खोटं बोललेल्या माझ्या आईची.

पुढच्या वर्षी माझे केस खांद्यापर्यंत आले होते. शनिवारी काकूने सूप माझ्यासमोर सरकवलं. "माझी बोटं दुखतात. तू मोज."

बोटं दुखत नव्हती. सकाळीच तिने दोन बादल्या धुणं आपटलं होतं.

मी मोजायला लागले. रामदास, भिकन, लोटू, संदीप. मग दिपाली. मग आईकडे पाहून, अनुसया. काकू फडक्याची टोकं गोळा करून गाठ मारायला लागली.

"थांब ना काकू, अजून एक आहे."

"आता कोण राहिलं?"

मी मूठ भरली आणि म्हटलं, "पार्वती."

काकूचे हात जागीच थांबले. घरात तिला कुणी वहिनी म्हणायचं, कुणी जिजी, कुणी आई, आम्ही काकू. काका गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडून निघालंच नव्हतं. ती गव्हाकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

मी मूठ फडक्यात सोडली आणि गाठ मारायला हात पुढे केला. तिने माझा हात धरला.

"अगं, वरची पाव मूठ कोण टाकणार?" ती म्हणाली. "सव्वा म्हणजे सव्वा. माझ्या वेळेलाच कमी का?"