डावीकडचं मागचं चाक

सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी त्या दिवशी सुटायची होती. इस्पितळात साडेदहाला पोचायचं होतं, रस्ता तासाभराचा होता, आणि सासरे सव्वाआठलाच गाडीत जाऊन बसले होते.

घरात त्यांना सगळे बाबा म्हणत, पण बसडेपोत चौतीस वर्षं त्यांचं नाव कानसेन होतं. फाटकाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक बसला ते आधी कान लावत. ड्रायव्हर काय सांगतोय, वहीत काय लिहिलंय, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. इंजिन ऐकायचे, चाकांवर हातोडी वाजवून ऐकायचे आणि मगच मान हलवायचे. ती मान हलल्याशिवाय गाडी बाहेर जात नसे. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असतानाच त्यांनी नोकरी सोडली, गुडघ्याचं निमित्त सांगून. गाडी चालवणंही त्याच निमित्तानं सोडलं. तेव्हापासून गाडी सुनेच्या हातात होती आणि सासऱ्यांचं तोंड सुनेच्या मागे होतं.

"क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे," ते म्हणायचे. "पाय काढ त्याच्यावरून."

सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावून लावून तिच्या अंगात एक चिवट शांतपणा आला होता. ती पाय काढायची आणि गप्प बसायची. नवरा कामासाठी महिना महिना बाहेर, त्यामुळे घरातलं आणि दारातलं तिलाच बघावं लागे.

शहर मागे पडलं आणि मोठा रस्ता लागला. सासूबाई मागच्या सीटवर पट्टी सांभाळत टेकल्या होत्या. काटा सत्तरच्या थोडा वर गेला आणि एकाएकी गाडी थरथरायला लागली. आधी वाटलं, रस्ताच खडबडीत आहे. पण रस्ता तर नवाकोरा होता.

"बाबा, हे काय होतंय?"

"परवा गतिरोधकावरून उडवलीस ना गाडी? रिम वाकली असणार. आता भोगा."

"मी उडवली नव्हती."

"नाही कशी? माझं डोकं छताला लागलं."

"मी थांबवते गाडी."

"अगं थांब, अर्धं मिनिट! थांबल्यावर गाडी काय बोलणार आहे? जे सांगायचं ते ती चालतानाच सांगते." ते सरसावून बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर अशी तरतरी दिसत होती. "थरथर हाताला येतेय की बुडाला?"

सुनेनं स्टिअरिंगवरची पकड सैल केली. "बुडाला. हाताला नाही."

"माझ्या तर दाढेला येतेय," मागून सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे पुढची चाकं नाहीत. पुढचं काही असतं तर स्टिअरिंग नाचलं असतं. आता गिअर काढ, नुसती पळू दे."

तिनं गिअर काढला. इंजिनाचा आवाज खाली बसला. थरथर होती तशीच राहिली.

"इंजिन सुटलं यातून. ब्रेक लाव बघू, अगदी हलका. पायाला धडधड लागते?"

"नाही. तसंच आहे."

"ब्रेकही सुटला. राहिलं चाक, मागचं. टायरला फुगा आला असेल, नाहीतर..." त्यांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "वेग कमी कर. आणखी. वीसवर आण."

वेग उतरला तशी थरथर विरली आणि तिच्याखाली दडलेला आवाज वर आला. टक. टक. टक. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक.

सासऱ्यांनी डोकं आत घेतलं. चेहऱ्यावरची तरतरी पार उतरली होती.

"कडेला घे," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "झटका देऊ नकोस. एकदम वळवू नकोस. जाईल तशी जाऊ दे आणि थांबव."

गाडी थांबली. त्यांनी आधी बायकोला उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्यापाशी नेऊन बसवलं. मग डावीकडच्या मागच्या चाकापाशी आले. चाकावर प्लास्टिकची टोपी होती. तिच्या कडेत बोटं घालून त्यांनी ती ओढली आणि आतून दोन नट धुळीत पडले. उरलेले दोन बोल्टच्या टोकाशी कसेबसे अडकून होते. त्यांतला एक सुनेनं बोट लावताच फिरला.

चार नटांचं चाक, आणि त्यातलं हे एवढंच शाबूत. सत्तरच्या वेगात ते निखळलं असतं तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या सीटवर, नेमक्या त्याच बाजूला सासूबाई बसल्या होत्या.

"टायरवाल्यानं नीट..." तिनं सुरुवात केली.

"टायरवाला कुठला? काल संध्याकाळी मीच चाकं बदलली. पुढची मागे, मागची पुढे. तू कामावरून यायच्या आत." सासरे कडेच्या गवतावर बसले. "हे शेवटचं होतं. नट हातानं बसवले, आणि..."

"आणि आवळायचे राहिले."

"आवळलेत मी." त्यांनी मान वर केली. "मला आठवतंय. पाना लावला, जोर दिला, कट्ट आवाज आला. चारही नट."

कठड्यावरून सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला मी हाक मारली होती. दुसऱ्या डोळ्यात औषध घालायला."

"हो. आलो की."

"आलात. औषध घातलंत. मग खाली गेलात, हत्यारं आवरून वर आलात आणि पुन्हा औषध घातलंत. मी म्हटलं, अहो, आत्ताच घातलं ना. तुम्ही माझ्यावरच डाफरलात. मग म्हटलं, जाऊ दे, चार थेंब जास्त गेले म्हणून काय होतंय."

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"घरात आधीच काय कमी भांडणं आहेत?"

सासरे उठले. "झालं! आवळायला विसरलो, बस्स. वय झालं. माणूस विसरत नाही का? तू परवा दूध उतू घालवलंस, तेव्हा कुणी तुला..."

"विसरणं वेगळं, बाबा." तिनं धुळीतले नट उचलून पदरानं पुसले. आवाज चढवायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. परवाच्या गतिरोधकाचा हिशेब चुकता करायची संधी समोर होती. तिला ती नको होती. "तुम्हाला न केलेलं आठवतंय."

एक मालट्रक जवळून गेला आणि उभी गाडी हलली. सासऱ्यांनी चटकन तिच्या टपावर हात ठेवला, जनावराला धरावं तसा. मग डिकी उघडून जॅक आणि पाना काढला. जॅक त्यांनीच लावला. पण पाना तिच्या हातात दिला.

"तू आवळ."

"मला येत नाही."

"मी सांगतो. मी नको. माझ्या भरवशावर राहू नकोस."

ती गुडघ्यावर बसली. रिमची भोकं घासून लांबट झाली होती आणि एका बोल्टचे आटे अर्धेअधिक खाल्ले गेले होते. ते सांगत गेले, ती करत गेली. एक वरचा, मग त्याच्या समोरचा. शेजारचा लगेच घ्यायचा नाही, चाक तिरकं बसतं. चारही हातानं बसव. आता जॅक उतरव. आता पाना, आणि पान्यावर पाय देऊन उभी राहा. लाजू नकोस, रस्ता काही तुझा सासरा नाही.

यावर ती हसली. ते हसले नाहीत.

ती तिसऱ्या नटावर होती, तेव्हा ते म्हणाले, "गुडघ्यामुळे नाही सोडली मी नोकरी."

ती पान्यावर तशीच उभी राहिली.

"एका बसच्या ब्रेकची खीळ लावायची राहिली माझ्याकडून. मी मान हलवली. बस फाटकापर्यंत गेली, आणि ड्रायव्हर जुना होता, त्याला पायाखाली काहीतरी वेगळं वाटलं. त्यानं परत आणली. कुणाला काही बोलला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, कानसेन, आज आवाज ऐकू आला नाही वाटतं." त्यांनी ओठ दाबले. "आवाज कसला? मला ती खीळ लावलेली आठवत होती. अशीच. शपथेवर सांगितलं असतं. बसमध्ये साठ माणसं बसणार होती. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला."

"चार वर्षं झाली याला."

"चार." त्यांनी कठड्याकडे पाहिलं. "हिला सांगू नकोस."

"डोळा झाकलाय माझा," सासूबाई म्हणाल्या. "कान उघडे आहेत."

त्या उठल्या आणि चाचपडत गाडीकडे निघाल्या. सासरे धावले, त्यांनी हात दिला. सासूबाईंनी रागवायला तोंड उघडलं होतं, पण नवऱ्याचा हात हातात आल्यावर त्यांनी ते मिटलं.

पुढच्या फाट्यावर टायरचं दुकान होतं. तिथवर ते पायी चालणाऱ्याच्या वेगानं गेले. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. दुकानदारानं दोन बोल्ट बदलले, डिकीतलं जादा चाक चढवलं, आणि जुनी रिम उचलून बघत विचारलं, "कुणी बसवलं होतं हे? माणूस जिवावर उठला होता की काय?"

सुनेच्या जिभेवर तयार उत्तर होतं, मीच. तिनं तोंड उघडलंही.

"मी," सासरे म्हणाले. "चौतीस वर्षं मेकॅनिक होतो."

दुकानदार ओशाळला आणि उगीचच दुसरं चाक पुसायला लागला.

इस्पितळात पोचायला साडेअकरा झाले. पट्टी सुटली. डोळा लाल होता, पण सगळं ठीक होतं. सासूबाईंनी पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "किती वाळलात तुम्ही." मग त्यांनी सरळ डॉक्टरीणबाईंनाच विचारलं की विसराळूपणाला इथे कोण बघतं. सासरे ताडकन खुर्चीवरून उठले.

"मी काय वेडा झालोय?"

"नाही," सून म्हणाली. "गाडी थरथरली तर तुम्ही काय केलंत? हाताला येतंय का बुडाला, इंजिन की ब्रेक, एकेक वगळत गेलात. तेवढंच करायचंय. कदाचित गोळ्यांचंच काही असेल, झोपेचं असेल, रक्तात काही कमी असेल. आधी बघू तर द्या."

"आणि चाकच निघालं तर?"

"माहीत नाही, बाबा." तिनं काही गोड बोलून वेळ मारून नेली नाही, म्हणूनच की काय, ते पुन्हा खाली बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली. कागद त्यांनी स्वतः घेतला, चार घड्या करून खिशात ठेवला, आणि जिना उतरेपर्यंत दोनदा खिसा चाचपला.

बाहेर आल्यावर मात्र ते गाडीत बसेनात. डिकीतून पाना काढला आणि एकेका चाकापाशी वाकून नट बघायला लागले. चारही चाकं झाली. पाना ठेवला. दार उघडलं. आणि दारात हात ठेवून तसेच थबकले. मग पुन्हा पाना काढला आणि पुढच्या चाकापाशी गेले.

सासूबाई काही म्हणणार होत्या. सुनेनं त्यांना खुणेनं थांबवलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी पाना काढला, तेव्हा ती उतरून त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांना तिच्यापासून लपवताही येत नव्हतं.

"बघितलेत की नाही, तेच कळत नाहीये," ते म्हणाले.

"तुम्ही पाना लावा. मी मोजते."

ते वाकले. पहिल्या नटाला पाना लावला, जोर दिला. नट हलला नाही.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली. "घट्ट."

असे सोळा नट झाले. मग त्यांनी पाना तिच्याकडे दिला आणि गुपचूप गाडीत जाऊन बसले.