लेप

शब्दांची हौस माणसाला कुठं नेऊन घालील, सांगता येत नाही. रश्मीला ती लहानपणापासूनच. बारामतीच्या एका दवाखान्यात ती नर्स. मोठ्या डॉक्टरांनी लघवीच्या नव्या नळीची चाचणी काढली आणि माहितीपत्रक मराठीत करायचं काम हिच्याकडं आलं. नळीवर पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या बारीक तुकड्यांचा, पातळ थर होता. जंतू टेकला की तिथंच खलास. 'कोटिंग' लिहायला हिचं मन घेईना. हिनं लिहिलं, 'लेप'. डॉक्टर म्हणाले, "वा!" झालं, बाईसाहेब दिवसभर हवेत.

चाचणीत पहिलं नाव तिनं हट्टानं ज्ञानूकाकांचं घातलं. भिगवणच्या मासळीबाजारात पत्रे बसवताना पडून काकांचं कमरेखालचं अंग गेलेलं. त्यांची बायको मालनमावशी सहा वर्षं, दिवसातून चार वेळा, स्वतःच्या हातानं धुतलेली नळी घालून त्यांची लघवी काढत होती. तरी दर दोन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, आता एकदा जरी जंतू चढले तर मूत्रपिंडं तग धरायची नाहीत.

"मावशे, ही लेपाची नळी हाय. आता ताप येणार न्हाय," रश्मी म्हणाली.

"तुज्या तोंडात साखर पडू दे, बाई."

तिसऱ्या आठवड्यात काका थंडीनं कुडकुडत बारामतीला आले. जंतू रक्तात भिनलेले. रश्मी चक्रावली. तिनं मावशीला बाकड्यावर बसवून विचारलं, "नळी धूत कशी होतीस?"

"कशी म्हंजी? गरम पाणी, साबण आन् काथ्या. लेप पार निघंस्तवर घासली. लई चिवट मेला, बुळबुळीत. पर एक कण ठिवला न्हाय बग."

"अगं, लेप काढलास कशाला?"

"आता गं बया! नर्स का कोण तू? लेप वरनं लावायचा असतोय. पोटात घालून कुणाचं भलं झालंय?"

रश्मीला आता उमगलं. खरंच की! मुरगळल्या पायाला लेप, सुजल्या गालाला लेप, वाळला की धुऊन टाकायचा; हिनं तरी दुसरं काय पाहिलं होतं? 'घासू नका' एवढे दोन शब्द पत्रकात घालायचं हिला सुचलं नव्हतं. जळो ती हौस!

काका चौथ्या दिवशी गेले.

जलदानविधी उरकल्यावर मावशीनं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं रश्मीच्या हातात दिलं. आत उरलेल्या नळ्या होत्या.

"तू एवढ्या मायेनं दिल्यास. दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येतील. समद्यांचा लेप काढून ठिवलाय."

मावशीला खरं सांगितलं, तर काकांचं मरण तिच्या त्या हातांना जन्मभर चिकटणार. रश्मीनं गाठोडं घेतलं. "बरं केलंस," म्हणाली, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

दवाखान्यात येऊन तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. मग यादी काढली. तेच पत्रक आणखी एकोणीस घरांत गेलेलं. त्यांतला पहिला नंबर मोरगावच्या हिंदुराव आबांचा. फोन सुनेनं उचलला.

"ताई, त्या नळीचा लेप..." रश्मीनं सुरुवात केली.

"त्याची काळजी नगं, मॅडम," सून म्हणाली. "पहिल्याच दिवशी घासून काढलाय की आमी."