काचेचा उपास

चार वाजता टॅक्सी स्टँडवर भाड्याला एकही गाडी मिळत नव्हती. सगळ्या रांगेत उभ्या होत्या, बॉनेट पुढे करून, डॉक्टरला जीभ दाखवायला बसल्यासारख्या. रांगेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढऱ्या कपड्यांतला एक गुटगुटीत माणूस बसला होता. त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं. लोक त्याला आरपारबाबा म्हणत.

गाडीचा नंबर लागला की तो उठायचा, समोरच्या काचेला कान लावायचा आणि वेदना ऐकू आल्यासारखा चेहरा करायचा. मग प्रवचन. काच म्हणजे झोपलेली वाळू. वाळूला प्रत्येक ओरखडा आठवतो. आपण घासून तिला आणखी दुखावतो. तिला फक्त विसरायला शिकवायचं असतं. एवढं बोलून तो स्टीलच्या बाटलीतलं 'जागृत जल' पांढऱ्या फडक्यावर घ्यायचा आणि काचेवरून हलकेच तळवा फिरवायचा.

आणि ओरखडे जायचे. वायपरने वर्षानुवर्षं कोरलेल्या दोन कमानी, धुळीचे बारीक चरे, सगळं. मी हातभर अंतरावरून पाहिलंय, खरंच जायचे. लंबू नावाचा ड्रायव्हर, ज्याचं डोकं गाडीत बसल्यावर टपाला लागतं, तो तर डोळे पुसत होता.

"आता सात दिवस काचेचा उपास," बाबा म्हणाला. "पाणी नाही, फडकं नाही, वायपर नाही. जखमेवरची खपली कुणी खरवडतं का? आणि ज्याने खरवडली त्याची गत तुम्ही पाहिलीच आहे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती गत झालेला माणूस माझा बाप होता.

अप्पा तीस वर्षं टॅक्सी चालवत होते. तीस वर्षांत गाडीला त्यांच्या चुकीने साधा पोचा आला नव्हता, आणि हे ते सांगत नसत. स्टँडवरचे लोकच सांगत. बाबा आला त्या पहिल्याच दिवशी त्यांनी काच बरी करून घेतली. तिसऱ्या दिवशी शेजारून गेलेल्या ट्रकने खड्ड्यातला चिखल त्यांच्या काचेवर उडवला आणि पुढच्या वळणावर गाडी दुभाजकावर चढली. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. स्टँडवर निकाल लागला तो असा: अप्पांनी वायपर फिरवला, उपास मोडला, काच कोपली.

अप्पांनी मला वेगळं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात.

"नाही फिरवला गं. दांड्यापर्यंत हात गेला होता. मग उपास आठवला. थांबलो. ब्रेक लावला तोवर वळण आलंच." मग म्हणाले, "पण मनात आलं होतं ना. तेच भोवलं."

एका शहाण्या माणसाने, समोरचं काही दिसत नसताना, वायपरवरचा हात मागे घेतला. आणि मोडलेला पाय घेऊन तो स्वतःलाच दोष देत पडला होता. मला सत्याचा शोध घ्यायचा होता असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं सांगायचं तर मला त्या गुटगुटीत माणसाला भर स्टँडवर तोंडघशी पाडायचं होतं.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे आणि चष्म्याची भिंगं घासण्याच्या कारखान्यात काम करते. काचेवरचा चरा कसा जातो हे मला रोज आठ तास दिसतं. तरी खात्री करायला मी गाड्यांच्या काचा घासून देणाऱ्या घासूकाकांकडे गेले. स्टँडच्या कोपऱ्यात त्यांची टपरी. नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, काच घासायच्या गुलाबी पुडीची पाण्यात कालवलेली पेस्ट, आणि एका काचेमागे दोन-तीन तास. चार दिवस त्यांच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

"पोरी, चरा भरून येत नसतो," ते म्हणाले. "आजूबाजूची काच त्याच्या तळापर्यंत खाली आणावी लागते. काच ओली ठेवायची, तापू द्यायची नाही, एका जागी रेटायचं नाही. नख अडकत असेल तर मी हातच लावत नाही, कारण तेवढी काच उतरवली की पलीकडचं वाकडं दिसतं. ह्याचा तळवा काय खाली आणणार? स्वतःचं पोट आणता येईना त्याला."

तिथून मी गॅरेजमध्ये गेले. अप्पांच्या गाडीची काच तडकली होती, पण जागेवर होती. तिच्यावर चिखल वाळला होता. प्रत्येक थेंब जिथे पडला तिथे, गोल, अखंड. वायपर एकदा जरी फिरला असता तरी त्यातून पट्टा उमटला असता. मी फोटो काढले. काचेच्या रबरी कडेत बाबाच्या जलाचा ओशट थर साचला होता. तो बोटावर घेतला, दिव्याखाली पाहिला, आणि मला हसूच आलं.

बाबा कुठल्याही स्टँडवर सहा दिवस राहत असे, हेही चौकशीत कळलं. उपास सात दिवसांचा.

सहाव्या दिवशी, ऊन तिरकं झाल्यावर, मी ओढणी डोक्यावर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. आधी फोटो दाखवले. ड्रायव्हर एकेक करून फोनवर वाकले. चिखल ओळखायला त्यांना विज्ञान लागत नाही. लंबू म्हणाला, "अप्पांनी फिरवलाच नाही की."

बाबाने डोळे मिटले. "देहाने नाही फिरवला. मनाने फिरवला. काचेला मन दिसतं."

मी हात जोडले आणि म्हटलं, महाराज, माझ्याकडे प्रयोगशाळेतली एक काचेची कांडी आहे, तिलाही थोडं जल द्या. त्याने उदारपणे पेलाभर ओतलं. मी कांडी त्यात बुडवली. बुडालेला भाग दिसेनासा झाला. पेल्यात काहीच नाही, वर नुसता अर्धा तुकडा तरंगतोय. माझ्यावर खूश होऊन बाबाने जाहीर केलं की काच जलात विलीन झाली.

मग मी पिशवीतून दुसरा पेला काढला. त्यात बाळांच्या मालिशला वापरतात ते पारदर्शक तेल होतं, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातलं. दुसरी कांडी तशीच विलीन झाली. तिसऱ्या पेल्यात साधं पाणी घेऊन मी त्यात महाराजांचं जल ओतलं. ते वर तरंगलं.

"पाणी पाण्यावर तरंगतं हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं," मी म्हटलं.

पहिलं हसू घासूकाकांचं होतं. बाकीचे मागून आले.

मी सांगितलं ते साधं आहे. ओरखडा म्हणजे काचेतली खडबडीत चर. तिच्यात हवा असते. काच आणि हवा यांतून प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून तो तिथे विखुरतो आणि चर चमकते. चरेत तेल भरलं की प्रकाश जवळजवळ सरळ जातो, कारण तेल त्याला काचेइतकंच वळवतं. अगदी तंतोतंत नाही, पण बारीक चऱ्यांना तेवढं पुरतं. ओरखडा असतो तिथेच, फक्त दिसत नाही. साबण लागला की परत येतो. वायपर फिरला की तेल फासलं जातं आणि लबाडी उघडी पडते. म्हणून उपास.

लंबू भांड्यांचा साबण आणि बादली घेऊन आला. स्वतःच्या गाडीची अर्धी काच त्याने धुतली. पुसल्यावर त्या बाजूची कमान रागावलेल्या भुवईसारखी वर आली. त्याने ती बोटाने चाचपली आणि बाबा ज्या गाडीने आला होता तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, म्हणजे गाडी निघणार नाही अशा बेताने.

इथे मी थांबायला हवं होतं, असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. मी थांबले नाही.

रांगेत एक टॅक्सी पाच दिवस कडक उपास पाळलेली होती. तिचं तोंड मावळतीकडे होतं आणि तेलावर बसलेल्या धुळीमुळे तिची काच दुधासारखी पांढरी पेटली होती. मी म्हटलं, महाराजांनी तिच्यात बसावं आणि वीस पावलांवरच्या गाडीचा नंबर वाचून दाखवावा. गाडी हलणार नाही, वायपरला तेवढा हात लावायचा नाही. भोवती चाळीस ड्रायव्हर होते. तो बसला. लंबूने आत हात घालून किल्ली एक खटका फिरवली, वायपरला वीज मिळण्यापुरती. महाराज डोळे बारीक करून, मान इकडून तिकडे करून पाहू लागले. त्यांना गाडीच दिसत नव्हती, नंबर कुठला?

मी चिखलाचा मग भरून काचेवर मारला.

त्याचा हात दांड्यावर गेला. दोन सेकंदही लागले नाहीत. वायपर खर्रकन फिरले आणि तेल, धूळ, चिखल यांचा एक जाड थर त्याच्या तोंडासमोर पसरला. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, समोर धोका कसलाच नव्हता.

"मनाने नाही, देहानेच फिरवलात," मी खिडकीत वाकून म्हटलं. "माझ्या अप्पांनी चालत्या गाडीत हात मागे घेतला. तुमच्या शब्दासाठी. आता मोठ्याने सांगा, चूक कुणाची होती."

त्याने पुटपुटत सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं. कुणीतरी बोलावलेले पोलीस आले तेव्हा तो त्याच सीटवर होता आणि कुणी दार अडवलं नव्हतं. त्याला बाहेर यायचं नव्हतं.

घरी मी अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, एवढं करायला नको होतं. मग त्यांनी विचारलं, तो नक्की काय म्हणाला? मी शब्दशः सांगितलं. त्यांनी भिंतीकडून तोंड वळवलं आणि चहा मागितला.

मला पश्चात्ताप नाही. पण तोंडघशी पाडायला दर वेळी मी येणार नाही, म्हणून लिहितेय. तुमच्या काचेवर चरे असतील तर नख फिरवून पाहा. अडकलं नाही तर नीट घासून देणारा माणूस शोधा, अडकलं तर काच बदला. आणि कुणी तुम्हाला म्हणालं की धुऊ नका, पुसू नका, सात दिवस तपासू नका, तर त्याच्या देखत बादली मागवा.